बैलांमागं मोटार

चैत्र सरला होता, तरी पुंजाजीच्या वावरातली पऱ्हाटी, कापूस वेचून उरलेली झाडं, अजून उभीच होती. शेजाऱ्यांची वावरं साफ होऊन वखरलीही गेली होती. त्या दिवशी सकाळपासून तो आणि मनकर्णा, नवराबायको दोघंच कामाला लागले होते. लोखंडी चिमट्यात झाडाचा बुडखा धरायचा, कमरेतून मागं रेलायचं, मुळी तुटल्याचा आवाज आला की पऱ्हाटी बाजूला टाकायची आणि पुढचं झाड धरायचं. दुपारपर्यंत पुंजाजीच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. मनकर्णा मागून मोळ्या बांधत होती. दोघंही बोलत नव्हते. बोलायला विषय एकच होता, आणि तो सकाळीच मोटारीत बसून शेगावला गेला होता.

पुंजाजीचा धाकटा भाऊ शेषराव काल सांजेला मोटार घेऊन गावात आला. मोटार त्याची नव्हती. मलकापूरच्या जिनिंगवाल्या शंकररावांची होती आणि शेषराव तिचा ड्रायव्हर. मालक रेल्वेनं नागपूरला गेले होते. जाताना म्हणाले होते, "मायले महाराजांचं दर्शन करवून आण. परवा संध्याकाळच्या गाडीनं मी येतो, तवा स्टेशनावर हजर राह्य." नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, पण उंद्रीपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात अजून एस.टी.सुद्धा येत नव्हती. मोटार आली तसं सारं गाव दाराशी गोळा झालं. शेषराव खाकी कोटात, डोक्यावर खाकी टोपी, एक हात मोटारीच्या टपावर ठेवून उभा. जो येईल त्याच्याशी हसून बोलत होता.

सकाळी निघताना त्यानं पुंजाजीलाही विचारलं, "दादा, तू येतं काय? मागं जागा हाये."

ते 'मागं जागा हाये' पुंजाजीच्या मनात काट्यासारखं मोडलं.

"मंग पऱ्हाटी काय तुहा मालक येऊन उपटन?" असं म्हणून तो चिमटा खांद्यावर टाकून निघाला होता.

त्यांची आई, तानुबाई, पुढं शेषरावाच्या शेजारी बसली. साठी उलटलेली म्हातारी, पेटीतलं लुगडं नेसलेली. मोटार हलली तसा तिनं काचेतून हात बाहेर काढला आणि वाटेत दिसेल त्याला सांगत गेली, "माह्या शेषूची गाडी हाये, बाई! माह्या शेषूची!"

आता हे पुंजाजीला का झोंबावं, त्याला कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी त्या जिनिंगात पहिला पाय ठेवला तो पुंजाजीनं. वीस वर्षांचा होता. महादेव मिस्त्रीच्या हाताखाली इंजनघरात दोन हंगाम काढले. मिस्त्री कोणाचं कौतुक करणारा नव्हता, पण एकदा मालकासमोर म्हणाला, "या पोट्ट्याच्या कानाले इंजन कळते." पुंजाजी त्या एका वाक्यावर महिनाभर जगला होता. मग बाप हगवणीनं गेला. आईचा निरोप आला, घरी ये. तो ट्रंक घेऊन घरी आला आणि बापाचा वखर धरला. दुसऱ्या वर्षी सोळा वर्षांचा शेषराव त्याच्याच ओळखीनं मलकापूरला गेला. शेषरावाला इंजनात गोडी नव्हती. हात काळे झाले की तो साबण शोधायचा. पण गडी दिसायला देखणा आणि बोलायला गोड. मालकानं त्याला इंजनघरातून उचलला आणि मोटारीत बसवला. तेव्हापासून पुंजाजी गावातल्या विहिरींवरची तेलइंजनं दुरुस्त करत होता, ऊन-पावसात वावर करत होता, आणि वर्षातून दोनदा भावाची खाकी टोपी खुंटीला लागलेली पाहत होता.

उन्हं जरा कलली असतील. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून कोणी येताना दिसलं. मनकर्णानं डोळ्यावर हात धरून पाहिलं.

"अवो, शेषरावभाऊजी दिसतेत. पायी येऊन राह्यले."

शेषराव जवळ आला तो घामानं डबडबलेला. कोट हातावर, बूट धुळीनं पांढरे.

"दादा, गाडी बंद पडली. चढावर पाणी उकळलं, वाफ निघाली अन् बंदच. कितीकदा सेल्फ मारला, चालूच होऊन नाई राह्यली."

"माय कुठी हाये?"

"लिंबाखाली बसवली. तू चाल, दादा. तुह्याबिगर कोणाले समजन?"

पुंजाजीनं चिमटा खाली ठेवला.  बारा वर्षांत पहिल्यांदा भाऊ त्याच्यापाशी काही मागायला आला होता, आणि ते त्याला गोड लागलं, हे खरं.

बैलगाडी जुंपली. पाण्याचा पिपा, बादली, विहिरीवरचा जाड नाडा, पान्यांची पिशवी, सारं घेतलं. खामगावच्या रस्त्यावर, चढाच्या मध्यात मोटार उभी होती. तोंड वर, चाकांमागं दगड. काळा पत्रा हात लावू देत नव्हता. थोड्या अंतरावर लिंबाखाली तानुबाई प्रसादाची पुडी मांडीवर घेऊन बसली होती.

"आला काय रे पुंजा," ती म्हणाली. "पाह्य बरं काय झालं. पोरगा घाबरून गेला."

पुंजाजीनं बॉनेट उघडलं. तापलेल्या लोखंडाचा, तेलाचा, रबराचा वास तोंडावर आला. किती वर्षांनी आला होता तो वास! विहिरीवरच्या इंजनाला हा वास नाही.

"पाणी टाकलं काय तू?"

"टाकाले गेलो तं झाकण उडालं. हे पाह्य." शेषरावाच्या मनगटावर लाल चट्टा उठला होता.

"बरं झालं नाई टाकलं. तापल्या इंजनात थंडं पाणी टाकलं तं लोखंड तडकते. मिस्त्रीनं सांगतलं नाई तुले?"

"सांगतलं असन. माह्या ध्यानात नाई राह्यलं."

पुंजाजीनं पंख्याच्या पट्ट्यावर बोट दाबलं. तो दोन बोटं आत गेला. पट्टा ढिला होता. पंखा फिरत होता, पण नावालाच. त्यानं नट सैल केले, पट्टा ताणून घेतला, पुन्हा आवळले. रेडिएटर निवायची वाट पाहिली, मग बादलीतून थोडं थोडं पाणी सोडलं. शेषरावानं सेल्फ मारला. इंजन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. सेल्फ मारून मारून बॅटरी त्यानंच उतरवली होती.

"हँडल आण."

पुंजाजीनं समोरून हँडल घातलं आणि फिरवलं. एकदा, दोनदा, दहादा. सोललेल्या तळहातातून रक्त आलं. हँडल लालसर झालं. इंजनात दाब चांगला होता, हाताला कळत होतं. मग त्यानं एक प्लग काढला, तार लावून लोखंडाला टेकवला, शेषरावाला हँडल मारायला लावलं. निळी ठिणगी चटकन उडाली.

"करंट हाये," तो स्वतःशीच म्हणाला.

म्हणजे उरलं पेट्रोल. त्यानं कार्बोरेटरची नळी सोडली. हँडल मारलं तर नळीतून नुसती फुसफुस, पेट्रोलचे दोन थेंब. तो खाली वाकला. पेट्रोलपंपाला काचेची वाटी असते, ती त्यानं निरखून पाहिली. आतलं पेट्रोल बुडबुडे मारत होतं, चुलीवरच्या आधणासारखं.

झालं, समजलं. पेट्रोल नळीतच उकळत होतं, त्याची वाफ अडकली होती. असंच एकदा नांदुऱ्याच्या रस्त्यावर मालकाच्या मोटारीचं झालं होतं. महादेव मिस्त्रीनं पंपावर ओलं फडकं ठेवलं, शांतपणे एक बिडी ओढली आणि हँडल मारलं. पहिल्या फेऱ्यात मोटार चालू. बस, एवढंच काम. एक फडकं, एक बादली पाणी, घटकाभर वाट.

सांगायला पुंजाजीनं तोंड उघडलं. तेवढ्यात लिंबाखालून आई उठून आली. तिनं शेषरावाचा दंड धरला.

"शेषू, सावलीत ये बाप्पा. तोंड पाह्य कसं लाल झालं." पदरानं तिनं त्याचं कपाळ पुसलं, गाल पुसले, मान पुसली. शेषराव लहान पोरासारखा मान वाकवून उभा राहिला. "त्याले करू दे. त्याले उनाची सवय हाये."

पुंजाजीच्या हनुवटीवरून घाम पंपावर टपकत होता. हँडलाला त्याचं रक्त लागलं होतं. त्यानं दोघांकडं पाहिलं. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि सरळ उभा राहिला.

"हेड गेलं," तो म्हणाला.

"म्हंजे?" शेषरावाचा चेहरा उतरला.

"म्हंजे इंजन खोला लागते. इथं नाई होत. घरी न्या लागन. बैलं जुपू."

"बैलं? मोटारीले?"

"मंग तू ओढतं काय?"

बैलगाडी तिथंच रस्त्याच्या कडेला ठेवली. नाडा मोटारीच्या पुढच्या दांड्याला बांधला, दुसरं टोक जुवाला. चाकांमागचे दगड काढले, उरलेला चढ बैलांनी जोर लावून ओढली. पुढं उतार होता तिथवर शेषरावानं ब्रेक धरला, मग सपाटीला पुन्हा बैलांनी ओढली. शेषराव आत स्टिअरिंगवर, पुंजाजी बैलांपुढं कासरा धरून. आईला म्हणाले आत बस. ती बसली नाही.

गावात शिरताना पाराजवळची माणसं उठून उभी राहिली. पोरं मागं धावली. पारावर कारभारी बसला होता, गावातला सगळ्यात मोकळ्या तोंडाचा माणूस.

"अरे शेषराव!" तो ओरडला, "कासरा तरी तुह्या हातात दे म्हणा दादाले! का त्याचंबी लायसन लागते?"

हशा पिकला. पुंजाजी हसला नाही. पण पावलागणिक त्याच्या छातीत काही तरी फुलत चाललं होतं. त्यानं मुद्दाम पाराला वळसा घालून मोठ्या रस्त्यानं मोटार नेली, जवळची वाट सोडून. दोनदा मागं वळून पाहिलं. शेषरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. नजर नाकासमोर, कान लाल. कालपासून ज्या तोंडावरचं हसू मावळलं नव्हतं, त्या तोंडावर आता काहीच नव्हतं. पुंजाजीला वाटलं, गाव अजून मोठं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्यांदा वळला तेव्हा त्याला आई दिसली. मोटारीमागून धुळीत चालत येत होती, पदर कपाळाच्या खाली ओढून, कोणाकडं न पाहता. तिच्या हातात प्रसादाची पुडी होती. त्यानं पटकन मान फिरवली.

मोटार गोठ्याशेजारी लावली. शेषराव म्हणाला, उंद्रीला जाऊन कोणी मिस्त्री मिळतो का पाहतो. पुंजाजी म्हणाला, "काही गरज नाई. सकायी मी खोलतो." शेषराव हातपाय धुवायला गेला.

आता एक गोष्ट पुंजाजीला ठाऊक होती, जी शेषरावाला नव्हती. इंजन निवलं की पेट्रोलची वाफ आपोआप बसणार, आणि सकाळी पहिल्या हँडलला मोटार चालू होणार. मग सारं गाव विचारणार, हेड गेलं होतं ना? दिवस बुडायला आला होता. त्यानं बॉनेट उचललं, करंट वाटायच्या डब्याचं झाकण काढलं आणि आतला रोटर, बोटाच्या पेराएवढी काळी फिरकी, काढून घेतली. तिच्याशिवाय एकाही प्लगला ठिणगी जाणार नव्हती.

मागं पाहिलं तर मनकर्णा, कडब्याची पेंढी कडेवर.

"काय काढलं हो?"

"रोटर हाये. साफ कराचा हाये."

ती त्याच्या मुठीकडं पाहत राहिली. "साफ कराचा हाये तं चुलीजवय आणा. तिथं उजेड हाये."

"सकायी करतो."

तिनं बैलांपुढं पेंढी सोडली आणि घरात गेली. रात्रीच्या जेवणात तिनं भाकर वाढताना त्याच्याकडं पाहिलं नाही.

सकाळी शेषरावानं आशेनं हँडल मारून पाहिलं. मोटार हूं की चूं करेना. पुंजाजीला अजूनही संधी होती. रोटर बसवला असता, इकडं तिकडं दोन नट फिरवले असते, तर कोणाला काय कळलं असतं? पण गोठ्यापाशी सात-आठ माणसं येऊन बसली होती. शेषराव त्यांना सांगत होता, "दादा हेड खोलते आज. खामगावचे मिस्त्री बी घाबरतेत या कामाले." त्यानं मालकाच्या मोटारीतला पान्यांचा डबा उघडून भावापुढं ठेवला. नवे कोरे पाने, तेल लावलेले, मापानुसार लावलेले. एकही वापरलेला नव्हता. पुंजाजीनं त्यातला एक उचलला. तो त्याच्या हातात असा बसला की मग त्याला राहवलं नाही.

पाणी काढलं. नळ्या सोडल्या. हेडाचे नट एकेक करून, मधले शेवटी, सैल केले. त्याचे हात काहीच विसरले नव्हते. लोक मान लांब करून पाहत होते. पण वर्षानुवर्षं बसलेलं हेड निघेना. त्यानं फटीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि ताकदीनं उचकटलं. करकर आवाज करत हेड सुटलं.

हेडाखालचं गॅसकेट, दोन लोखंडांमध्ये बसवलेला पातळ पत्रा, अगदी चांगलं होतं. तांब्याच्या कडा लखलखत होत्या. कुठं जळल्याचा डाग नाही, काजळी नाही. फक्त एका कोपऱ्यात, स्क्रूड्रायव्हर घुसला तिथं, ते नुकतंच फाटलं होतं.

पुंजाजी त्या फाटक्या कोपऱ्याकडं पाहत उभा राहिला. आता रोटर बसवून भागणार नव्हतं.

"जयलं काय?" शेषरावानं विचारलं.

"हो," पुंजाजी म्हणाला. "नवं लागन. खामगावले भेटन."

"आज मालक येतेत, दादा. संध्याकाळच्या गाडीनं."

"माहीत हाये मले."

तो उंद्रीपर्यंत चालत गेला आणि एस.टी. धरली. खामगावात दोन दुकानं फिरून गॅसकेट मिळालं. परतीची गाडी तासभर उशिरा लागली. स्टँडवरच्या घड्याळाखाली तो उभा राहिला. मलकापूरच्या फलाटावर आता मालक उतरले असतील, बाहेर येऊन इकडं तिकडं पाहत असतील, ते त्याला दिसत होतं. मालकाला तार करावी तर मालक रेल्वेत. त्यानं एवढं काही योजलं नव्हतं. भाऊ एकदा गावापुढं खाली मान घालून बसावा, एवढंच हवं होतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. शेषराव मोटारीच्या पायरीवर बसला होता. दिवसभर जेवला नव्हता.

"मालक टांग्यानं गेले असतीन," तो म्हणाला. मग भावाच्या हातातलं गॅसकेट पाहून उठला. "तू लय धावला, दादा. तू होता म्हणून निभावलं. नाई तं मी काय केलं असतं?"

पुंजाजीला लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग जुनी आगही वर आली. अशा वेळी असं गोड बोलणं कुठून आणतो हा? आपल्याला जन्मात एकदा तरी असं बोलता आलं होतं का? आणि आलं असतं तर आपणही आज खाकी कोटात नसतो का?

दुसऱ्या दिवशी फटफटायला त्यानं काम धरलं. नवं गॅसकेट बसवलं, हेड ठेवलं, नट मधून कडेला, पाळीपाळीनं आवळले. जुनं गॅसकेट शेषरावानं मालकाला दाखवायला मागच्या सीटखाली ठेवलं. रोटर खिशातून काढून जागच्या जागी बसवला, तेव्हा मनकर्णा सडा घालत होती. तिनं पाहिलं आणि पाण्याचा हात जोरात झटकला. हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला मोटार चालू झाली. गोठ्यातले बैल बिथरले. तानुबाईनं चाकाला कुंकू लावलं आणि शेषरावाच्या पाठीवरून हात फिरवला.

"दादा, तू संगं चाल," शेषराव म्हणाला. "रस्त्यात पुन्हा काही झालं तं? पुढं बस."

पुंजाजी पुढं बसला. शेषरावाला मोटार चालवताना त्यानं कधी जवळून पाहिलं नव्हतं. तो गिअर टाकायचा तेव्हा गिअरचे दात वाजायचे नाहीत. बैलगाडी दिसली की दुरूनच वेग उतरवायचा, खड्डा असा चुकवायचा की आतल्याला कळूही नये. त्याचे हात चाकावर हलके पडलेले होते. सारा रस्ता पुंजाजी त्या हातांकडं पाहत होता. आपल्याला हे जमलं नसतं, असं त्याला प्रथमच वाटलं, आणि ते त्याला खामगावपासून नांदुऱ्यापर्यंत सलत राहिलं.

जिनिंगच्या आवारात मोटार शिरली तेव्हा शंकरराव कचेरीच्या ओट्यावरच होते.

"दीड तास," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "दीड तास मी फलाटावर उभा होतो. संगं नागपूरचे दोन पाहुणे. त्यायले टांग्यात कोंबून आणलं. टोपी काढ, शेषराव. ठेव त्या मेजावर."

"मालक, हेड गेलतं. बैलं जुपून घरी नेली. दादानं रातदिस—"

"टोपी ठेव म्हटलं."

शेषरावानं टोपी काढून मेजावर ठेवली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. आवारातले हमाल थांबून पाहत होते. इंजनघरातून महादेव मिस्त्री आला. आता दाढी पार पांढरी. त्यानं पुंजाजीला ओळखलं, नुसती मान हलवली, आणि मोटारीचं इंजन चालू करून कान दिला.

"कोणी बसवलं हे?"

"म्या," पुंजाजी म्हणाला.

"चांगलं बसवलं."

शंकररावांनी पुंजाजीला खालीवर न्याहाळलं. "हा तोच काय, तुमच्या हाताखाली होता तो? मंग यालेच ठेवून घ्या, मिस्त्री. गाडी दुरुस्त करणारा माणूस गाडी चालवाले आठ दिवसांत शिकन. रस्त्यात बंद पडली तं बैलं तरी शोधा लागणार नाईत."

 टोपी मेजावर होती, हाताच्या अंतरावर. बारा वर्षं त्यानं जे मनात घोळवलं, ते मालकानं एका दमात बोलून टाकलं होतं.  शेषराव भावाकडं पाहत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. जणू त्यालाही ते बरोबरच वाटत होतं.

मिस्त्री मोटारीच्या मागच्या सीटखालून जुनं गॅसकेट काढून उन्हात धरून पाहत होता. त्यानं ते उलटंपालटं केलं, कडांवरून अंगठा फिरवला. फाटक्या कोपऱ्यावर थांबला. मग पुंजाजीजवळ आला आणि त्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "हे जयलेलं नाई, पुंजाजी."

एवढंच. मग त्यानं ते ओट्याच्या कडेला ठेवलं आणि हात पुसत उभा राहिला. पुढचं काही तो बोलणार नव्हता, हे पुंजाजीला ठाऊक होतं. मिस्त्री तसा माणूसच नव्हता.

पुंजाजीनं एकदा टोपीकडं पाहिलं.

"मालक," तो म्हणाला, "हेड गेलं नव्हतं."

"काय?"

"गाडीले काही झालं नव्हतं. पेट्रोल उकळलं होतं नळीत. वलं फडकं ठेवलं असतं तं घटकाभरात चालू झाली असती. मले समजलं होतं. म्या मुद्दाम खोटं सांगतलं. रोटर बी म्याच काढून ठेवला. शेषरावाची काही चुकी नाई."

 शंकरराव ओट्यावरून एक पायरी खाली आले.

"सख्खा भाऊ ना तू याचा?"

"हो."

मालकानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. मग ते वळले. "शेषराव, टोपी उचल. अन् याले फाटकाच्या बाहेर घाल."

फाटकापर्यंत दोघं भाऊ चालले. कापसाचा कचरा वाऱ्यानं पायात येत होता. फाटकाशी शेषराव थांबला. टोपी हातातच होती.

"काऊन केलं, दादा?"

 "मले पाहावलं नाई," पुंजाजी म्हणाला.

"काय पाहावलं नाई?"

"तुले."

शेषरावानं टोपीचा पट्टा बोटानं खालीवर केला. "बैलांमागं मी बसलो होतो, तवा तू वळून वळून पाहत होता," तो म्हणाला. "मले वाटलं, माह्या काळजीनं पाहून राह्यला." आणि त्यानं आतून फाटक लावून घेतलं.

दोन एस.ट्या बदलून पुंजाजी उंद्रीला उतरला, तिथून चालत घरी आला. सांज झाली होती. मनकर्णा चुलीपुढं होती, आई उंबऱ्याजवळ वाती वळत होती.

"पोचले काय बरोबर?" तानुबाईनं विचारलं. "मालक रागवला काय शेषूवर?"

पुंजाजी भिंतीला टेकून बसला आणि त्यानं सारं सांगितलं. लिंबापासून फाटकापर्यंत. काही लपवलं नाही. मनकर्णाचे हात पिठात थांबले. म्हातारीनं वाती खाली ठेवल्या. ती रडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटत होतं. तिनं दोन्ही केलं नाही.

"तुहा बाप गेला," ती सावकाश म्हणाली, "तवा म्या तुले बलावलं. शेषू लहान होता, त्याच्यानं वखर धरला नसता. तू आला. ट्रंक ठेवली अन् दुसऱ्या दिवशी वावरात गेला. काही बोलला नाई. मले वाटलं, याले चालते."

"बोलून काय झालं असतं?"

"ते नाई माहीत. पण म्या बी इचारलं नाई." तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, नीट, जणू ओळखायचा प्रयत्न करत. "तुले तिथंच राहाचं होतं काय रे, पुंजा?"

बारा वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. 

"हो," तो म्हणाला. "राहाचं होतं."

तानुबाईनं मान हलवली. 

"मंग राग त्याच्यावर नव्हता तुहा," ती म्हणाली. "माह्यावर होता."

 मनकर्णानं तव्यावरची भाकर काढून पुंजाजीच्या पुढ्यात ठेवली, आणि तो मान खाली घालून, सोललेल्या हातानं ती मोडू लागला.